मालिकांमधलं प्रेम लग्नानंतर कुठे जातं?

रामबागवाली

आमच्या घरी संध्याकाळी साडेसातनंतर टीव्ही सासूबाईंचा. जेवण, मागचं आवरणं, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं, सगळं मराठी मालिकांच्या सोबतीनं चालतं. इंदुरात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होते. मुलीच्या कानावर आम्हा घरच्यांव्यतिरिक्त जे मराठी पडतं, ते बहुतेक या मालिकांमधूनच. त्यामुळे मालिकेतली माणसं, विशेषतः नवरा-बायको, एकमेकांशी काय आणि कसं बोलतात याकडे माझं फार लक्ष असतं. आणि माझी तक्रार तिथेच आहे.

प्रेम जमेपर्यंत आपले लेखक जीव ओतून लिहितात. पहिली चकमक, मग मैत्री, मग तो न बोलता केलेला समजूतदारपणा. मग हळद, मेंदी, संगीत, सप्तपदी यांचा पंधरवडा. आणि अक्षता पडल्या की त्या दोघांचं एकमेकांशी बोलणंच संपतं! तो येतो, ती ताट वाढते, दाराआड कोणीतरी ऐकत असतं, दुसऱ्या दिवशी गैरसमज. 'होणार सून मी ह्या घरची'मधले श्री आणि जान्हवी आठवा. त्या दोघांचं लग्नाआधीचं भेटणं आमच्या घरात सगळ्यांना आवडायचं, अगदी सासऱ्यांनाही. पुढे जान्हवीची स्मृती गेली आणि तिच्याबरोबर ती गोडीही गेली.

याच्या अगदी उलट म्हणजे २०१२ ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. तिथे लग्न आधी, प्रेम नंतर. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नच नकोय. घरच्यांनी मागे लागू नये म्हणून दोघं ठरवून लग्न करतात, आणि ठरवूनच वेगळे होणार असतात. मग एका खोलीत राहून, रोजच्या कटकटीतून, एकमेकांच्या माणसांना जीव लावता लावता ते प्रेमात पडतात. इतक्या वर्षांनी आजही मला ती मालिका सगळ्यांत खरी वाटते.

लग्नानंतरचं प्रेम मन लावून लिहिलंय, असं तुम्हाला कुठल्या मालिकेत, सिनेमात सापडलं?

---

पलासियावाला

ताई, धागा एकदम मस्त. माझं उत्तर तयार आहे: 'डबल सीट', २०१५. समीर विद्वांसचा सिनेमा, अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे. नवीन लग्न झालेलं जोडपं, मुंबईतलं लहानसं घर, त्यात सासू-सासरे. दोघांना हवंय काय, तर स्वतःचं घर. एवढीच गोष्ट आहे. व्हिलन नाही, कट नाही. जागा कमी आहे आणि पगार कमी आहे, बस. पण त्या दोघांना दोन मिनिटं निवांत बोलायला मिळत नाही ना, ते बघताना मला माझे आई-बाबा दिसले. लोकमान्य नगरच्या जुन्या घरात आम्ही सहाजण होतो. ते दोघं रात्री जेवणं झाल्यावर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे. आम्हाला वाटायचं खरंच पाय मोकळे करायला जातात.

आणि 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तिन्ही भाग एकापाठोपाठ बघा. २०१० चा पहिला म्हणजे एका दिवसाची भेट. ती मुंबईहून मुलगा बघायला पुण्याला येते आणि पत्ता विचारते नेमका त्यालाच. २०१५ चा दुसरा लग्न ठरल्यानंतरच्या धाकधुकीचा, आणि २०१८ चा तिसरा बाळाची चाहूल लागल्यावरचा. जोडी तीच, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, आणि दिग्दर्शक तोच, सतीश राजवाडे. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'सुद्धा त्यांचीच! म्हणजे ताई म्हणतात तो प्रश्न एका माणसानं तरी मनावर घेतलाय.

---

रामबागवाली

पलासियावाला, पाय मोकळे करायचं वाचून डोळे भरले. तिन्ही भागांत मला पहिलाच जवळचा वाटतो, पण दुसऱ्यातली तिची भीती खरी आहे. लग्न ठरल्यावर मुलीच्या पोटात गोळा येतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

---

जुना इंदोरी

तक्रार रास्त आहे. पण त्यामागचं कारणही समजून घ्यावं, म्हणजे लेखकांवर राग धरावासा वाटणार नाही.

दैनंदिन मालिका आठवड्याला सहा भाग मागते, कधी रविवारी महाएपिसोड. जाहिराती वगळल्या तर एक भाग बावीस मिनिटांच्या आसपास. वर्षाकाठी तीनशेच्या घरात भाग होतात. दर गुरुवारी प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क संस्थेचे टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचं वळण ठरतं. जुळण्याआधीच्या प्रेमात अडथळा आपोआप असतो: सांगू की नको, घरचे मानतील की नाही. लग्न झालं की तो अडथळा संपतो, आणि रोजच्या भागाला रोज काहीतरी अडायला लागतं. मग बाहेरून माणूस आणून उभा करायचा. सुखी जोडप्याच्या रोजच्या बोलण्यातून बावीस मिनिटं उभी करणं फार अवघड आहे, त्याला फार वरच्या दर्जाचं लेखन लागतं.

दूरदर्शनच्या काळी आठवड्याला एक भाग आणि तेरा भागांत मालिका संपायची. लेखकाला शेवट आधीच ठाऊक असायचा. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'ही फार ताणली नाही, तिची चव टिकण्याचं तेही एक कारण आहे.

सिनेमाचं म्हणाल तर आमच्या पिढीला 'उंबरठा' विसरता येणार नाही. १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड. सुलभा घराबाहेर पडून महिलाश्रमात नोकरी करते आणि परत येते, तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. त्यात आरडाओरडा नाही. नवरा वाईट माणूस नाही. तरी ते नातं उरत नाही. लग्नानंतरचं प्रेम दाखवायचं तर ते कसं आटतं हेही दाखवावं लागतं. त्या सिनेमानं ते तेव्हाच दाखवलं. आम्ही दोघांनी तो बरोबर पाहिला आणि घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. नंतर मात्र पुष्कळ बोललो. पत्नीनं बी. एड. करायचं त्याच आठवड्यात ठरलं.

---

पोहे जिरावन

काका, शेवटच्या दोन ओळींवर वेगळा धागा काढा!

---

बडोद्याची लेक

इंदूरकरांच्या गप्पांत बडोद्याहून येतेय. माहेर दांडिया बाजारात, सासर गुजराती, त्यामुळे आमच्या घरात एकच गोष्ट दोनदा बघितली जाते. मी 'आई कुठे काय करते' बघायचे, सासूबाई 'अनुपमा'. दोन्ही मालिका 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेल्या. मराठीतली २०१९ ला आली, हिंदीतली २०२० ला, आणि हिंदीवाल्यांनी कुटुंब अहमदाबादचं केलं, शहांचं. त्यामुळे सासूबाईंना ती घरचीच वाटते.

दोन्हीकडे पंचवीस वर्षांचा संसार मोडतो. दोन्हीकडे कॉलेजातला मित्र परत येतो, इथे आशुतोष, तिथे अनुज. अनुजनं सव्वीस वर्षं मनात ठेवलेलं प्रेम सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं. मला मात्र आशुतोष जास्त भावला. अरुंधतीला आपल्यासाठी काही मागायची सवयच नाही, हे त्याला समजतं. तो तिच्यावर प्रेमाचं ओझं टाकत नाही. ती गाते तेव्हा तो ऐकतो, एवढंच.

पण तिथेही रामबागवाली ताईंचंच खरं ठरलं. २०२३ मध्ये अरुंधती-आशुतोषचं लग्न झालं आणि पुढे आशुतोषच गेला. अनुपमाच्या वाट्यालाही वियोगच. सासूबाई आणि मी आपापल्या मालिकेसाठी एकाच सोफ्यावर बसून रडलो. मोठ्या वयात दुसऱ्यांदा मिळालेलं सुख त्या बायकांना दोन-चार वर्षं नीट भोगू द्यायला काय हरकत होती? या गोष्टीचा मला खरंच राग आहे.

---

सुदामानगरच्या काकू

बडोद्याची लेक, तुझा राग मला पोचला. मी साठीच्या आसपासची आहे, म्हणून 'अग्गंबाई सासूबाई'बद्दल लिहिते. २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या भजनी मंडळात त्यावरून दोन तट पडले होते. आसावरी विधवा, मुलगा मोठा, सून घरात, वर कडक सासरे. आणि तिला आवडतात शेफ अभिजित राजे. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. सून शुभ्राच सासूसाठी उभी राहते. हे आमच्या पिढीनं टीव्हीवर असं, घरात सगळ्यांच्या देखत, कधी बघितलं नव्हतं.

आमच्यातल्या एकीचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलं बाहेरदेशी. तिच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, तेही एकटे. दोघं सकाळी नेहरू पार्कात फिरायचे, आणि मंडळात कोणी विषय काढला की ती पार कानशिलं लाल होईपर्यंत नाही म्हणायची. मालिका चालू असताना एक दिवस टाळ आवरता आवरता ती म्हणाली, "आसावरीचं होऊ दे, मग बघू." आम्ही सगळ्या हसलो, पण मला तेव्हाच समजलं. आसावरीचं झालं. हिचंही झालं, नोंदणी पद्धतीनं, आणि घरी आम्हाला श्रीखंड-पुरीचं जेवण. मुलीनंच सगळं केलं, शुभ्रासारखं.

मालिका पुढे त्या बबड्याच्या, म्हणजे आसावरीच्या मुलाच्या, उद्योगांतच अडकली, हे मला आवडलं नाही. राजे आणि आसावरी दोघं स्वयंपाकात मुरलेले. त्यांचा संसार ओट्याशीच किती छान रंगवता आला असता! फोडणी कोणी करायची यावरून रुसवा, तिची आमटी, त्याचं हॉटेलातलं शिकलेलं काहीतरी. पन्नाशीनंतरच्या प्रेमात बोलायला फार असतं. दोघांकडे आधीचं एकेक अख्खं आयुष्य असतं.

---

लष्करकर

ग्वाल्हेरहून नमस्कार. काकू, तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

इंदूरकरांनी अजून आपल्या लेकीचं नाव घेतलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. 'पवित्र रिश्ता'ची अर्चना, म्हणजे अंकिता लोखंडे, तुमच्या इंदूरची. २००९ मध्ये मालिका लागली तेव्हा आमच्या जनकगंजातल्या वाड्यात मराठी आणि हिंदी दोन्ही बिऱ्हाडं ती एकाच वेळी बघायची. हिंदी मालिकेत मराठी कुटुंब, चाळ, गॅरेजमध्ये काम करणारा मानव. सुशांतसिंह राजपूत आणि अंकिता यांनी ते लाजरं, कमी बोलणारं प्रेम इतकं साधं ठेवलं होतं! आमच्या शेजारच्या भाभी तेव्हापासून माझ्या आईला मराठी सणांबद्दल विचारू लागल्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. तोवर हळदीकुंकवाला का बोलावतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

२०११ मध्ये सुशांत मालिकेतून बाहेर पडला आणि माझं बघणं थांबलं. नवीन कलाकार चांगला होता. पण मी त्या दोघांतल्या गप्प बसण्यासाठी बघायचो, आणि ते गप्प बसणं त्या दोघांचंच होतं.

---

खजराना रोड

सगळं वाचलं. अजून कोणी 'सैराट'चं नाव घेतलं नाही. लोकांना वाटतं ती पळून जाण्याची गोष्ट आहे, झिंगाट आहे, आणि शेवट आहे. माझ्या मते लग्नानंतरच्या प्रेमावरचा तो मराठीतला सगळ्यांत प्रामाणिक सिनेमा आहे.

दुसरा अर्धा भाग पुन्हा बघा. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या खोलीत येते. तिला स्वयंपाक येत नाही. तिथल्या संडासात तिला जाववत नाही. घरची आठवण येते, रडते. ज्या मुलीनं सगळ्या गावासमोर परश्याचा हात धरला, ती आता इथे परक्या भाषेत बाटल्यांच्या कारखान्यात काम शोधते. सुमनअक्का आधार देते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. नागराज मंजुळेंनी यातलं काहीही घाईनं उरकलं नाही. विहिरीत उडी मारण्याएवढंच मन लावून भाजी करपणं दाखवलं आहे. पळून जाणं एका रात्रीचं असतं, पण रोज सकाळी उठून पाणी कुठून आणायचं हे पुढे आयुष्यभर असतं.

मग संशय येतो, भांडण होतं, तो हात उचलतो, ती निघून जाते आणि परत येते. नंतर मूल, थोडे पैसे, स्कूटर, बरं घर. म्हणजे ते दोघं संसार जमवतात! तो शेवट इतका लागतो, कारण तोपर्यंत त्यांनी प्रेम टिकवून दाखवलेलं असतं. लग्नावरच सिनेमा संपला असता, तर शेवटची ती आवाज नसलेली मिनिटं एवढी खोल गेली नसती.

---

रामबागवाली

खजराना रोड, उत्तरार्धाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. पण त्या थपडेशी मी अडते. त्यानं तिला मारलं, ती परत आली, आणि पुढे गोष्ट सुखाकडे वळली. माझ्या मुलीनं माझ्याशेजारी बसून तो सिनेमा बघितला. तिच्या मनात काय राहिलं असेल? एकदा मारलं तरी परत जायचं, असं?

---

खजराना रोड

ताई, प्रश्न योग्य आहे. पण सिनेमा त्याची बाजू घेत नाही. ती गेल्यावर तो कोलमडतो, जीव द्यायला निघतो. ती परत येते कारण तिला यायचं असतं. गावात तिचा निर्णय तिचा होता, इथेही तिचाच आहे. आणि परश्या आपल्या आसपासच्या मुलांसारखाच वाढलेला आहे. तो एकदम शहाणा निघाला असता, तर मला ते खोटं वाटलं असतं.

---

बडोद्याची लेक

मी रामबागवाली ताईंच्या बाजूनं. ती परत येते तेव्हा त्यानं तोंडानं माफी मागायला हवी होती, आणि ती आम्हाला ऐकू यायला हवी होती. जीव द्यायला निघणं ही माफी नाही. उलट त्यानं तिच्यावरच भार पडतो.

---

खजराना रोड

हे मी या बाजूनं बघितलं नव्हतं. विचार करतो.

---

पोहे जिरावन

मला 'तुला पाहते रे'बद्दल बोलायचंय. २०१८ ची, सुबोध भावे आणि गायत्री दातार. चाळिशीपुढचा विक्रांत, विशीतली ईशा. वयातलं अंतर एवढं असेल तर जमतं का, हा खरा प्रश्न होता. माझ्या मावशीच्या घरी यावरून रोज वाद व्हायचे, कारण तिच्या धाकट्या जावेचं तसंच लग्न झालेलं. आणि मग काय केलं? पुनर्जन्म! ईशा म्हणजे आधीच्या जन्मातली राजनंदिनी, आणि विक्रांत खुनी. प्रश्न विचारून मालिका स्वतःच पळाली. त्या जावेला बिचारीला काहीतरी उत्तर हवं होतं.

---

विजयनगरचा

माझी बायको देवासकडची, घरी मालवी बोलतात. लग्न झालं तेव्हा तिला मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. 'माझी तुझी रेशीमगाठ' आम्ही रोज बरोबर बघितली. एकटी आई असलेली नेहा, तिची छोटी परी, आणि आपण कोण आहोत हे लपवून तिच्याशी मैत्री करणारा यश. बायको रोज विचारायची, "हा खरं सांगून का नाही टाकत?" आणि मी रोज श्रेयस तळपदेची बाजू घ्यायचो. त्यावरून आमचीच भांडणं. पण ती भांडणं मराठीत व्हायला लागली, आणि माझी आई आतल्या खोलीतून तिला शब्द पुरवायला लागली. आता आई आणि ती मिळून माझ्याविरुद्ध असतात.

मालिका म्हणून तिच्यात पुष्कळ उणिवा होत्या. तरी परीला यशनं आधी जिंकलं आणि मग आईला, हे मला पटलं होतं. मूल असलेल्या बाईशी लग्न म्हणजे दोन माणसांशी लग्न, हे त्यांनी सुरुवातीपासून धरून ठेवलं.

---

रामबागवाली

विजयनगरचा, तुमच्या घरचं वाचून मला हवं ते नेमकं सापडलं. आपल्याकडे, इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यात, अशी किती घरं आहेत! नवरा मराठी, बायको मालवी. सून मराठी, सासर गुजराती. दिवाळीच्या फराळात अनारसेही असतात आणि गुजियाही. रुसल्यावर एकजण आपल्या भाषेत पुटपुटतो आणि दुसऱ्याला अर्धंच समजतं. या घरांतल्या प्रेमाची मराठी मालिका अजून माझ्या बघण्यात नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर सगळं झालं. 'तुझ्यात जीव रंगला'नं कोल्हापूर घराघरांत नेलं, राणादाची भाषा आमच्या मुलांनी उचलली. मग आमचा राजवाडा, आमची रामबाग का नाही? स्वानंद किरकिरेंसारखा इंदूरचा मराठी माणूस हिंदीत गाणी लिहून राष्ट्रीय पुरस्कार मिळवतो. इथे लिहिणारे हात आहेतच.

---

जुना इंदोरी

आहेत, आणि इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना दर वेळी सभागृह भरवणारे प्रेक्षकही आहेत. महाराष्ट्राबाहेर मराठी नाटक एवढ्या मोठ्या संख्येनं, वर्गणी भरून बघणारं शहर दुसरं क्वचितच असेल. पण वाहिनीचं गणित वेगळं. २०१९ पासून चॅनेल निवडून त्याचे पैसे भरायचे झाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या अर्ध्या मराठी घरांनी मराठी वाहिन्या घेतल्याच नाहीत. आपण बघणारे म्हणून मोजले गेलो नाही, तर आपल्यावर कोण लिहील? आता मोबाइलवर ओटीटीवर बघतात म्हणा.

---

सुदामानगरच्या काकू

मी तीच खोली, तोच टीव्ही, वाहिनीचे पैसे पेन्शनमधून भरते. मला तरी मोजा.

---

पलासियावाला

काकू, तुम्हाला पहिल्या नंबरावर मोजलं.

रामबागवाली ताई, तुम्ही म्हणता ती मालिका कोणी लिहिलीच, तर माझी एक अट. लग्न पहिल्या आठवड्यातच उरकून टाकायचं, नोंदणी कार्यालयात, चार साक्षीदार आणि बाहेर येऊन पोहे-जिलबी. मग पुढचे सगळे भाग त्या दोघांचे. पहिल्या थंडीत तो तिला सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू खायला नेतो, आणि घरी सासूबाई जेवायला थांबलेल्या असतात. एवढ्यावर दोन भाग सहज निघतील.

---

खजराना रोड

विचार केला. रात्री तेवढा भाग पुन्हा लावून बघितला. ताई आणि बडोद्याची लेक, माफी ऐकू यायला हवी होती, हे मान्य. पण ती परत आली म्हणून सिनेमा मारण्याच्या बाजूचा होतो, हे मला अजूनही मान्य नाही. मुलीला विचारा ना, तिला काय वाटलं ते. तिचं मत इथे लिहा, मी वाट बघतोय.

---

रामबागवाली

विचारलं. ती म्हणाली, "आर्ची परत आली, पण ती जाऊ शकत होती, स्टेशनवर पोचली होती, तिकिटाचे पैसे तिचे स्वतःचे होते." पंधरा वर्षांची आहे. आता पैशांचं सिनेमात नक्की काय दाखवलंय ते बघायला आम्ही दोघी रविवारी पुन्हा लावणार आहोत. सासूबाईही बसणार म्हणाल्या.